लोहचुंबक आणि आपली स्टीलची भांडी
(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला, भाषा शिकविणारा शिक्षक. मी विज्ञानावर बोलावे हे आमच्या विज्ञान-शिक्षकांना कदाचित रुचणार नाही. पण प्रसंगच तसा घडला.

घाटकोपरला राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने लग्नात मिळालेले स्टीलचे डबे भंगारात विकले. घेणाऱ्याने डब्याच्या काठाला लोहचुंबक लावले. ते किंचित ओढले गेले. "हे स्टील नाही, लोखंड आहे," असे सांगून त्याने डबे लोखंडाच्या भावात तोलून नेले. त्या माउलीने विश्वास ठेवला. मीही ठेवला असता. दुसऱ्या दिवशी मुलाने मला विचारले, "सर, तळाला तर चुंबक चिकटत नव्हते. मग एकच डबा तळाशी स्टील आणि काठाशी लोखंड कसा?" मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचून, विचारून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

स्टेनलेस स्टील हे मुळात लोखंडच. भांड्यांच्या उत्तम स्टीलमध्ये शेकडा सुमारे १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल असते. बाकी जवळजवळ सारे लोखंड. एवढे लोखंड असूनही चुंबक त्याला धरत नाही, याचे कारण अणूंच्या बैठकीत आहे. एक चौकोनी खोके डोळ्यांपुढे आणा. त्याच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू आणि खोक्याच्या पोटात मधोमध एक, ही साध्या लोखंडाची बैठक. लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकले चुंबक, आणि या बैठकीत ती शेजारी-शेजारी एकाच दिशेला तोंड करून राहतात. निकेल मिसळले की बैठक बदलते. पोटातला अणू जातो आणि खोक्याच्या सहाही बाजूंच्या मध्यभागी एकेक अणू येतो. आधी प्रत्येकाला आठ निकटचे शेजारी होते, आता बारा होतात. या मांडणीत आपल्या नेहमीच्या हवामानात ती चिमुकली चुंबके एका दिशेला वळत नाहीत. मुले तीच, पण प्रार्थनेची रांग लागत नाही, असे म्हणा ना!

आता त्या काठाकडे वळू. डबा बनविताना पत्रा साच्यात दाबतात, काठ वळवतात. त्या जोराने तेथील काही अणू सरकून जुन्या बैठकीच्या जवळपास जातात आणि चुंबक ओढू लागतात. एक कणही धातू बदललेला नसतो. तोच काठ सुमारे १०५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून झटकन थंड केला, तर ती ओढ बहुतेक निघून जाते.

याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. निकेल महाग, म्हणून पुष्कळ भांड्यांत त्याचा मोठा भाग काढून मँगनीज आणि नायट्रोजन घालतात. बैठक तीच राहते, चुंबक चिकटत नाही आणि गिऱ्हाईक खूश होते. पण त्यात बहुधा क्रोमियमही कमी असल्याने गंज लवकर धरतो. उलट निकेल नसलेले, नुसत्या क्रोमियमचे स्टील चुंबकाला घट्ट चिकटते आणि तरी ते खरे स्टेनलेसच असते. इंडक्शन शेगडीवरच्या भांड्यांच्या बुडाला मुद्दाम तसलेच स्टील लावतात.

जर्मनीच्या फ्रिट्झ ह्यूस्लर यांनी १९०३ साली याहून नवलाची गोष्ट जाहीर केली होती. तांबे, मँगनीज आणि ॲल्युमिनियम, तिन्हींना चुंबक ओढत नाही. पण ठरावीक प्रमाणात वितळवून एकत्र केल्यावर चुंबकाने ओढला जाणारा मिश्रधातू तयार झाला. मँगनीजचे अणू परस्परांपासून योग्य अंतरावर बसले की एका दिशेला वळतात. बैठक विस्कटली की गुण ओसरतो. ह्यूस्लरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा मिश्रधातूंवर आपल्या घाटकोपरपासून जवळच, पवईच्या आय.आय.टी.तही संशोधन झाले आहे.

डबे काही परत आले नाहीत. मात्र तो मुलगा आता मोडक्या स्पीकरमधले चुंबक खिशात घेऊन हिंडतो आणि प्रत्येक वाटीला आधी तळाशी, मग काठाशी लावून पाहतो. परवा स्टाफरूममधल्या आमच्या चहाच्या किटलीचीही त्याने तपासणी केली.