धाराशिवच्या बायकांचं कर्ज आणि आपला हप्ता

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत, कुडाळ येथे, एका निवृत्त आरोग्य सेविकेने केलेलं भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांनी मासिक बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, म्हणून बोलले तसंच छापत आहोत.)



मला सांगितलं की आरोग्यावर बोला. मी म्हटलं, लोह आणि पालेभाजी यावर तुम्ही माझं भाषण वीस वेळा ऐकलंय. आज वेगळं बोलते. आज मी तुम्हाला संशोधनाबद्दल सांगणार आहे. घाबरू नका. संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या एवढंच नसतं. कधी कधी ते आपल्यासारख्याच बायकांच्या अंगणात होतं.

पहिली गोष्ट आपल्या कोकणातली. आता भातकापणी तोंडावर आली. पेंढ्या उचलताना, चिरे हलवताना, लाकडं काढताना विंचू निघणारच. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीवावर उठतो तो लहान लाल विंचू. १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले. विंचू चावलेली पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर जायची. वेदनेने नव्हे, तर हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरून. त्या काळी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. डॉक्टर रात्र रात्र रुग्णाजवळ बसले, नाडी, रक्तदाब, घाम, सगळं लिहून ठेवलं. मग रक्तदाबासाठी वापरतात ती प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि माणसं वाचू लागली. १९८६ मध्ये हे इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडलाच ७० रुग्णांवर अभ्यास करून दाखवलं की गोळीबरोबर विंचवाच्या विषावरची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. सरासरी १८ तासांच्या जागी ८ तासांत.

आपण यातून काय घ्यायचं? विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, असं काही दिसलं तर उतरवणाऱ्याकडे वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना. आणि ती गोळी घरी आपल्या मनाने द्यायची नाही, रक्तदाब एकदम खाली जातो.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण संशोधन आपल्या मातीतही होतं हे तुम्हाला पटावं. आता दुसरी गोष्ट. आज मी खरं तर तीच सांगायला आले आहे.

माझी थोरली जाऊ. पाळी बंद होऊन पाच वर्षं झालेली. मग अधूनमधून थोडं रक्त दिसू लागलं. अंगावरून घाण वासाचं पाणी जायला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. घरात मी नर्स! मी लोकांच्या दारात जाऊन ‘पाळीचा काही त्रास?’ म्हणून विचारायची, रजिस्टर भरायची, आणि स्वतःच्या घरात एकाच चुलीवर जेवण करणाऱ्या बाईला कधी विचारलं नाही. एकदा मी सहज म्हटलं, चल, तपासून घेऊ. तर हसली. ‘माका काय्येक झाला नाय, कित्याक जाऊचा डॉक्टराकडे?’ मीही सोडून दिलं. कंबरेत कळा यायला लागल्या तेव्हा बांबोळीला नेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, पुढच्या टप्प्यातला. त्यांनी जे करता येईल ते केलं. पुढच्या चतुर्थीला ती नव्हती.

हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. तो दहा-पंधरा वर्षं घेतो. माझ्याकडे दहा वर्षं होती, सख्यांनो. म्हणून मी आज बोलते आहे.

आता जरा हे समजून घ्या. एचपीव्ही नावाचा एक विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो. बहुतेक बायकांच्या अंगात तो कधी ना कधी येतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघूनही जातो. त्यामुळे विषाणू सापडला म्हणजे बाईच्या किंवा नवऱ्याच्या वागण्यावर बोट ठेवायचं काही कारण नाही. पण काही जणींच्या अंगात तो वर्षानुवर्षं मुक्काम करतो. गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात. त्या बिघाडाच्या वेळी काहीच दुखत नाही. दुखतं तेव्हा उशीर झालेला असतो. पण बिघाड लवकर सापडला तर तेवढा भाग जाळून किंवा गोठवून टाकतात. बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येते आणि कॅन्सर होतच नाही.

आपल्या देशात या कॅन्सरने २०२० या एका वर्षात ७७ हजारांवर बायका गेल्या. मग प्रश्न असा होता की गावातल्या, दवाखान्यापासून लांबच्या बायकांसाठी कोणती तपासणी खरोखर जीव वाचवते? हे शोधलं गेलं ते आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये हे काम सुरू केलं. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त निरोगी बायका त्यात होत्या. शेतात जाणाऱ्या, ज्यांची आयुष्यात कधी अशी तपासणी झालीच नव्हती अशा.

गावांचे ५२ समूह केले आणि आपण भिशीची चिठ्ठी काढतो तसे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ते चार गटांत वाटले. एका गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी. दुसऱ्याला पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन पाहायची तपासणी. तिसऱ्याला व्हिनेगरची तपासणी. चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीच्या दवाखान्याची वाट. चिठ्ठी का? तर कुणी म्हणू नये की शहाण्या बायका एका गटात घातल्या म्हणून तिथे फरक पडला.

आठ वर्षं वाट पाहिली. २००९ मध्ये निकाल जगापुढे आला. चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या होत्या. विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४. जवळजवळ निम्म्या, आणि तेही आयुष्यात फक्त एकदा तपासणी करून! शिवाय ज्यांना विषाणू नाही असं निघालं, त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या कॅन्सरने गेली नाही. त्या तपासणीत शंभरात साधारण दहा जणींना विषाणू सापडला. त्या दहाही जणींना कॅन्सर होता का? नाही. त्यांना पुढे नीट पाहिलं, ज्यांना गरज होती त्यांच्यावर उपचार केले. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ शब्द ऐकून रडत बसायचं नाही. पुढची तारीख घ्यायची.

या अभ्यासावरून वादही झाला, तोही सांगते. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, असं जगभरातल्या लोकांनी विचारलं. करणारे म्हणाले, गावात तेव्हा कुणालाच तपासणी मिळत नव्हती, आम्ही कुणाचं काढून घेतलं नाही. विचारणारे म्हणाले, उपाय माहीत असताना नुसतं बघत राहणं बरोबर आहे का? तुम्हीच ठरवा. मला एवढंच कळतं की त्या ६४ जणींत आपल्यासारखीच कुणाची तरी जाऊ होती. त्यांच्यामुळे आज जगाला माहीत आहे की कोणती तपासणी चांगली. हे त्यांचं आपल्यावर कर्ज आहे.

तुम्ही म्हणाल, ही विषाणूची तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुठे आहे? सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे ती व्हिनेगरची तपासणी, दर पाच वर्षांनी. इथे मुंबईचा अभ्यास कामाला येतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांमध्ये काम केलं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावी झालेल्या, शिकवून तयार केलेल्या बायका होत्या. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडल्या असतील तर तिथे पांढरा डाग दिसतो. सुई नाही, कापणं नाही. बारा वर्षांत तपासलेल्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

मग धाराशिवला व्हिनेगरच्या गटात तसा ठळक फरक का दिसला नाही? एक मोठा फरक हा की धाराशिवला तपासणी एकदाच झाली, मुंबईत दर दोन वर्षांनी, चार वेळा. म्हणजे आपल्यासाठी धडा असा: व्हिनेगरची तपासणी एकदा करून विसरायची नाही. ‘मागे कधीतरी केली होती’ हे उत्तर चालणार नाही. आणि विषाणूची तपासणी कुठे शिबिरात मिळाली तर सोडायची नाही. तिचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, जिला लाज वाटते तिच्यासाठी हे फार सोयीचं.

त्याच मुंबईच्या कामात स्तनांची हाताने तपासणीही केली होती. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तसा फायदा दिसला नाही, पण गाठ लवकर हाती लागत होती. मशीन नाही, फक्त शिकलेले हात. तेव्हा आरोग्य केंद्रात गेलात की दोन्ही तपासण्या एकाच खेपेत मागून घ्या.

आता मुलींबद्दल. या विषाणूवर लस आहे. २००९ मध्ये भारतात १० ते १८ वयाच्या मुलींवर अभ्यास सुरू झाला, त्यात बार्शी आणि पुणेही होतं. काहींना दोन, काहींना तीन डोस द्यायचे होते. पण त्याच वेळी आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण पालकांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीच्या सह्या केल्याचं उघड झालं, आणि ते चुकीचंच होतं. २०१० मध्ये शासनाने सगळ्या चाचण्या थांबवल्या. त्यामुळे जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. दहा वर्षांनी पाहिलं तर एका डोसनेही दोन-तीन डोसांइतकंच संरक्षण दिलं होतं! २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की २० वर्षांपर्यंतच्या मुलींना एक डोसही चालेल. गरीब देशांना हा मोठा दिलासा. लस लग्नाआधी, लहान वयात घेतली तर उत्तम. आपल्याकडे ती कुठे आणि कोणत्या वयाला मिळते ते आशाताईंना विचारा. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीनंतर तपासणी लागतेच, हे लक्षात ठेवा.

आणि सही करण्याआधी विचारा: हे काय आहे? का करताय? नाही म्हटलं तर माझे उपचार थांबतील का? आपण बँकेच्या कागदावर न वाचता सही करत नाही, मग इथे का करायची?

शेवटी कामाचं बोलू. गटाच्या वहीत आपण बचत, कर्ज, हप्ता लिहितो. त्यात एक रकाना वाढवा: ‘तपासणी झाली / बाकी’ आणि तारीख. निकाल वहीत लिहायचा नाही, तो त्या बाईचा स्वतःचा. कापणी संपली की एक दिवस ठरवा, पाळीचे दिवस सोडून. सगळ्या मिळून एका रिक्षात बसा. आरोग्य केंद्रात आधी विचारून जा की तपासणारी सिस्टर कोणत्या वारी असते. पुढे पाठवलं तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात एकटीने जायचं नाही, गटातली एक जण सोबत जाईल. आणि पाळी गेल्यावर रक्त, दोन पाळ्यांमध्ये रक्त, संबंधानंतर रक्त, घाण वासाचं पाणी, यातलं काही असेल तर कापणी संपायची वाट पाहायची नाही, शिबिराचीही नाही. उद्याच जायचं.

तिशी ओलांडलेली प्रत्येक सखी तुळशीच्या लग्नापर्यंत तपासून झालेली असावी, एवढीच माझी मागणी. आणि आज घरी गेल्यावर आपल्या सासूला, जावेला, आईला एकदा विचारा. ती हसून ‘माका काय झाला नाय’ म्हणेल. तरी दुसऱ्यांदा विचारा. मी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

धाराशिवच्या बायकांचं कर्ज फेडायचा आपला हप्ता हाच. तो थकवू नका.