साखरखेर्ड्याहून दिल्लीला गेलेलं शिर



आमचं उंद्री गाव चिखली तालुक्यात, चिखली-खामगाव रस्त्यावर. या जिल्ह्यातल्या माणसाला 'तुमच्याकडे इतिहासाचं काय आहे?' असं विचारलं, की तो दोन नावं हमखास घेतो. एक लोणारचं सरोवर आणि दुसरं सिंदखेडराजा, जिजाऊसाहेबांचं माहेर. त्यात चूक काही नाही. पण त्याच सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचं गाव आहे. पळसिद्ध महास्वामींच्या मठामुळे भाविकांना ते ठाऊक आहे. मात्र ज्या लढाईतून हैदराबादचं निजामाचं राज्य जन्माला आलं, ती याच गावाच्या शिवारात झाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. आज मी तुम्हाला तीच गोष्ट सांगणार आहे. ती जितकी लढाईची आहे, तितकीच दगाबाजीचीही आहे.

काळ आहे १७२४ सालचा. औरंगजेबाला जाऊन सतरा वर्षं झाली होती. दिल्लीच्या तख्तावर महंमदशहा होता, वय अवघं बावीस. इतिहास त्याला 'रंगीला' म्हणून ओळखतो. त्याचा वजीर होता निजाम-उल-मुल्क. हा औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला, पन्नाशी ओलांडलेला, मुरलेला माणूस. दरबारात शिस्त आणायची, खर्चाला आळा घालायचा, असं त्याच्या मनात होतं. बादशहाच्या भोवतीच्या मंडळींना ते मानवण्यासारखं नव्हतंच. त्यांनी म्हाताऱ्याची टिंगल सुरू केली. निजामाने ओळखलं, की इथे आपलं काही चालायचं नाही. १७२३च्या अखेरीस शिकारीचं निमित्त सांगून तो दिल्लीबाहेर पडला आणि पुढे थेट दक्षिणेची वाट धरली.

इथून गोष्ट काळी होत जाते. निजामाला उघडपणे बंडखोर ठरवायची बादशहाची हिंमत नव्हती. वरून गोड बोलणं चालू होतं आणि आतून हैदराबादच्या सुभेदाराला गुप्त फर्मान गेलं : निजामाचा बंदोबस्त कर, दख्खनची सुभेदारी तुला देतो.

हा सुभेदार म्हणजे मुबारिझ खान. मूळचा मध्य आशियातल्या बल्खचा. हैदराबादचा कारभार त्याने अनेक वर्षं कडकपणे चालवला होता. विशेष म्हणजे तो निजामाचा वैरी नव्हता. १७२० साली निजामाने सय्यद बंधूंच्या पुतण्याचा, आलम अली खानाचा, आपल्याच वऱ्हाडात बाळापूरजवळ पराभव केला. त्यात आलम अली मारला गेला. त्यानंतर मुबारिझ खान निजामाला येऊन मिळाला आणि निजामाच्या शब्दावर त्याचा दर्जा वाढला. म्हणजे ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्यावरच चालून जायचं होतं. पण हुकूम होता खुद्द बादशहाचा. नोकराने करावं काय?

मुबारिझ खान निघाला. युद्ध टळावं म्हणून निजामाने त्याला पत्रं पाठवली. त्यांचा उपयोग झाला नाही. औरंगाबाद हाती घ्यायचं, असा खानाचा बेत होता. निजामाने त्याला वाटेतच गाठलं, ते साखरखेर्ड्याजवळ. तारीख होती ११ ऑक्टोबर १७२४.

आपल्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, ऑक्टोबरमध्ये शेतात काय असतं? ज्वारी कणसात येते, कापसाची बोंडं धरतात. वर्षभराची मेहनत वावरात उभी असते. नेमक्या त्या दिवसांत दोन मोठ्या फौजा, त्यांचे हत्ती, घोडे, तोफा ओढणारे बैल अशा मुलखात उतरतात. एवढ्या जनावरांना वैरण लागते, माणसांना धान्य लागतं, आणि ते दिल्लीहून येत नाही. लढाईच्या वर्णनात सरदारांची नावं येतात. ज्यांची पिकं तुडवली गेली, त्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही.

लढाई निकराची झाली. निजामाचा तोफखाना भारी होता. मुबारिझ खानाची माणसं त्या माऱ्यातही पुढे घुसली. खुद्द खान हत्तीवर होता. त्याचा माहूत पडला, तेव्हा जखमी खानाने स्वतःच हत्ती पुढे हाकला, असं वर्णन आहे. अखेर तो तिथेच पडला. त्याच्याबरोबर त्याचे दोन मुलगेही मारले गेले. हजारो माणसं एका दिवसात गेली.

या लढाईत मराठ्यांनी निजामाला मदत केली होती. त्याच वर्षी मे महिन्यात माळव्यात नालछा इथे निजाम आणि बाजीराव पेशवे यांची भेट झाली होती. बाजीराव तेव्हा तेवीस वर्षांचे होते. स्वतः बाजीराव साखरखेर्ड्याच्या रणात होते की नाही, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण पुढे चारच वर्षांनी, १७२८ साली, याच बाजीरावांनी याच निजामाला पालखेडला कोंडीत पकडलं. राजकारणातली मैत्री किती दिवसांची, याचा हा नमुना.

आता गोष्टीचा शेवट ऐका. लढाई जिंकल्यावर निजामाने मुबारिझ खानाचं शिर दिल्लीला पाठवलं आणि सोबत बादशहाचं अभिनंदन केलं. हुजुरांविरुद्ध बंड करणारा एक सुभेदार हुजुरांच्याच पुण्याईने ठार झाला, अशा अर्थाचं ते अभिनंदन होतं.

क्षणभर विचार करा. खानाला फर्मान कुणी पाठवलं, हे निजामाला पक्कं माहीत होतं. ते निजामाला माहीत आहे, हे बादशहालाही कळत होतं. आणि ते शिर समोर आल्यावर बादशहाने काय करावं? 'हा तर माझाच माणूस' असं म्हणायची सोय नव्हती. त्याने मुकाट्याने अभिनंदन स्वीकारलं. पुढच्याच वर्षी, १७२५ साली, निजामाला दख्खनचा सुभेदार म्हणून मान्यता दिली आणि वर 'आसफजाह' हा किताब बहाल केला. ज्याने हुकूम पाळला, तो बंडखोर ठरला. ज्याने हुकूम धुडकावला, त्याला किताब मिळाला.

या लढाईतूनच हैदराबादचं आसफजाही राज्य उभं राहिलं. ते सात पिढ्यांचं नव्हे, पण सात निजामांचं राज्य दोनशे चोवीस वर्षं टिकलं आणि सप्टेंबर १९४८मधल्या पोलीस कारवाईने संपलं. आपल्या वऱ्हाडाचं काय झालं? निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघंही इथून वसूल घेऊ लागले. दोन धनी आणि एक रयत, म्हणून त्याला दुहेरी अंमल म्हणत. पुढे १८५३ साली निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. तरी नावापुरती मालकी निजामाचीच होती. म्हणून तर १९३६ साली निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र असा किताब मिळाला. वऱ्हाडी माणसाला मात्र यातलं काहीही कुणी विचारलं नव्हतं.

मला या सगळ्यात सारखा आठवतो तो मुबारिझ खान. तो काही संत नव्हता. सत्तेची हाव त्यालाही होती, नाहीतर सुभेदारीच्या आमिषाला तो भुलला नसता. पण वरच्याने तोंडी एक सांगावं, कागदावर दुसरं दाखवावं आणि अंगाशी आलं की हात वर करावेत, हा खेळ तीनशे वर्षांत जुना झालेला नाही. ज्याच्या भरवशावर आपण पुढे निघालो, तो उद्या आपल्याला ओळख देईल का, हा प्रश्न त्या शिवारात त्या दिवशी पडला होता. तो आजही अनेकांना पडतो.

विजयाची आठवण म्हणून निजामाने साखरखेर्ड्याचं नाव बदलून फतेहखेर्डा ठेवलं. फतेह म्हणजे विजय. जुन्या कागदांत ते नाव सापडतं. पण लोकांनी ते काही तोंडात रुळू दिलं नाही. राज्य गेलं, किताब गेले, फतेह गेली. गाव आजही साखरखेर्डाच आहे.

कधी मेहकर-चिखलीकडे येणं झालं, तर लोणार जरूर पाहा, सिंदखेडराजाला माथा टेका. आणि थोडी वाट वाकडी करून साखरखेर्ड्यालाही जा. तिथे पाहण्यासारखं काय, असं कुणी विचारलं, तर सांगा : ते शेत. या मातीत कुणाकुणाचे मुलगे पडले, ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

नमस्कार.