गैरहजर, पण कशामुळे?

किनवट तालुक्यातल्या एखाद्या डोंगराकडच्या शाळेचा वर्षभराचा हजेरीपट पुढ्यात घेतला, तर तो शेतीच्या पंचांगासारखा वाचता येतो. जूनमध्ये वर्ग भरलेला. पोळा, गणपती होईपर्यंत उपस्थिती बरी. दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा शेतात कापूस फुटलेला असतो, आणि वरच्या वर्गातल्या मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांत तर दसऱ्यानंतर घरंच्या घरं कुलूपबंद होतात.

मार्चची गोष्ट आणखी वेगळी. उन्हामुळे शाळा सकाळची होते आणि नेमका त्याच दिवसांत मोह गळायला लागतो. मोहाची फुलं रात्रीतून पडतात. ऊन चढायच्या आत, गुरं तोंड लावायच्या आत ती वेचावी लागतात. आई टोपली घेऊन निघते, मागून पोरंही निघतात. ती परत येतात तेव्हा शाळेचे दोन-तीन तास झालेले असतात. गुरुजी म्हणतात, पोरांना गोडी नाही. आई म्हणते, मोह काय थांबतो का?

किनवट हा नांदेड जिल्ह्याचा उत्तरेकडचा, तेलंगणाला लागून असलेला तालुका. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत तो हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंड, कोलाम, परधान, आंध आणि बंजारा अशी इथली वस्ती. गोंडांचा गुडा, कोलामांचा पोड, बंजाऱ्यांचा तांडा. एकेका ग्रामपंचायतीत अशा दोन-चार वाड्यावस्त्या सहज निघतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीचे वर्ग तीन किलोमीटरच्या आत असायला हवेत. नकाशावरचे तीन किलोमीटर पावसाळ्यात नाला भरला की तीनच राहत नाहीत, हे इथल्या पालकांना सांगावं लागत नाही.

या अंतरावर काही उपाय झालेले आहेत. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटी गाड्या मुलींना शाळेत मोफत नेतात, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पण त्यात एक बारकावा आहे. शाळा सकाळची झाली आणि गाडीची वेळ दहाचीच राहिली, तर पास असूनही मुलगी घरीच राहते. अशा वेळी आगाराला एक पत्र पाठवून वेळ बदलून घेणं हे काम फळ्यावरच्या कुठल्याही धड्याइतकंच महत्त्वाचं ठरतं.

सरकारने हजेरीसाठी पैसेही देऊन पाहिले. १९९२ पासून पहिली ते चौथीच्या गरीब, मागास आणि आदिवासी घरांतल्या मुलींना हजर दिवसाचा एक रुपया उपस्थिती भत्ता ठरला. अट ७५ टक्के हजेरीची. तेव्हाचा रुपया वेगळा होता. आज एक किलो कापूस वेचण्याची मजुरी त्याच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे आईच्या हिशोबात तो रुपया धरलाच जात नाही. त्यापेक्षा हंगामी वसतिगृहाचा आधार मोठा. आईबाप स्थलांतरित झाले तरी मुलानं गावातच आजी-आजोबांजवळ किंवा शाळेत राहावं, सकाळ-संध्याकाळ त्याला जेवण मिळावं, अशी ही योजना. तिचं सगळं यश तारखेवर आहे. यादी दसऱ्याआधी झाली तर मूल थांबतं. कुटुंब गेल्यावर प्रस्ताव मंजूर झाला, तर मूल केव्हाच फडावर पोचलेलं असतं.

आता आजारपणाची गैरहजेरी. ही सर्वांत कमी ओळखली जाते.

समजा सहावीतला एक मुलगा थंडीत वारंवार चार-चार दिवस येत नाही. आला की सांगतो, हातपाय दुखत होते. खेळाच्या तासाला लवकर दमतो, डोळे पिवळसर दिसतात. आळशी म्हणून त्याच्यावर शिक्का बसतो. तो सिकलसेलचा रुग्ण असू शकतो. हा आजार आईवडिलांकडून येतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम यांनी त्रास उसळतो. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत संशय कळतो, इलेक्ट्रोफोरेसिसने निदान पक्कं होतं. वर्गात करण्यासारखं पुष्कळ आहे: जवळ पाण्याची बाटली ठेवू द्यायची, लघवीला जायला आडकाठी करायची नाही, उन्हात पळवायचं नाही, थंडीत स्वेटर घालायला सांगायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, आणि रुग्णाला साध्या एसटीत मोफत प्रवासही आहे. नांदेड सव्वाशे किलोमीटरहून लांब असलेल्या तालुक्यात ही सवलत मोलाची.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. हृदयाचे दोष, दृष्टी, कान, दात, रक्तक्षय असं सगळं तपासतं. गोम अशी की, त्या दिवशी गैरहजर असलेलं मूल बहुधा तेच असतं, ज्याला तपासणीची सर्वाधिक गरज आहे. जंताच्या गोळीसाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टनंतर राहिलेल्यांकरता पुन्हा एक दिवस ठेवतात. तपासणीला राहिलेल्या मुलांची यादीही तशीच वेगळी काढून त्यांना गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नेता येईल.

शाळेत दुपारी मिळणाऱ्या खिचडीबद्दल थोडकंच. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं. प्राथमिकच्या मुलाला त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण आहे. उपाशीपोटी मोह वेचून आलेल्या पोराला उशीर झाला म्हणून परत पाठवलं, तर त्याचा तास बुडतो आणि ताटही.

मूल हजर असूनही गप्प बसतं, ती गैरहजेरी हजेरीपटात दिसत नाही. दिवाळीच्या दिवसांत दंडारीत ढोलाच्या ठेक्यावर तासन्‌तास नाचणारं गोंड मूल पहिलीच्या वर्गात तोंड उघडत नाही, कारण घरची बोली गोंडी आणि पुस्तक मराठीत. कोलाम, बंजारा मुलांचं तेच. अशा वर्गात सुरुवातीचे काही महिने त्याच बोलीत दोन वाक्यं बोलणारे गुरुजी, किंवा वरच्या वर्गातली दुभाषी ताई, फार मोठा फरक पाडतात. मुलं मग शाळेतल्या मीना राजू मंचात बोलतात, परिपाठात गाणं म्हणतात.

हे सगळं बोलायची हक्काची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. महिन्याच्या बैठकीत इमारतीच्या निधीआधी हजेरीपट मांडावा. ज्यांचे पाच-सहा दिवस बुडाले, त्या प्रत्येक नावापुढे कापूस, गाडी, दुखणं की बोली, यातलं कारण लिहावं, आणि ते आगाराकडे न्यायचं, दवाखान्याकडे की पंचायत समितीत, हे त्याच बैठकीत ठरवावं. सप्टेंबरची बैठक यासाठी सर्वांत सोयीची. कापूस अजून फुटायचा असतो आणि तांड्यावरच्या गाड्या निघायच्या असतात.