नौदलातील पहिला महिना
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या घरांतील मुले २०२२ पासून अग्निवीर म्हणून नौदलात जाऊ लागली आहेत. प्रथम ओडिशातील चिल्का. पुढे इंजिनांचे काम शिकणारी लोणावळ्यास ‘आयएनएस शिवाजी’वर, विजेचे शिकणारी जामनगरास ‘वालसुरा’वर. आम्ही ‘शिवाजी’वर दाखल झालो ते १९७२ साली. १९४५ पासूनची ही संस्था. पण तेथून समुद्र दिसत नाही, दिसतो तो पाऊस!

जाताच इंजिने हाताळावयास मिळतील, ही आमची कल्पना. हाती आली कानस. लोखंडाचा तुकडा घासावा, गुण्या लावून उजेडाकडे धरावा. फटीतून उजेड डोकावला की पुन्हा घासावा. तळहातांना फोड आले. भर समुद्रात एखादा भाग मोडला तर दुकान कोठले, तो हातानेच घडवावा लागतो, हे शिक्षकांनी सांगितले होते. पण १७ वर्षांच्या पोराला ते कसे पटावे? ‘मला घेऊन जा’ असे कार्ड आम्ही घरी धाडले.

रविवारी वडील आले. आईने दिलेला लाडवांचा डबा त्यांनी पुढे केला. आम्ही फोड दाखविले, आणि बोलता बोलता तो तुकडा, तो गुण्या, तो उजेड यांविषयीच तासभर सांगत बसलो. ते ऐकत राहिले, आणि संध्याकाळच्या गाडीने एकटेच परतले. आम्हांस फार राग आला.

पुढे त्यांच्या पेटीत एक अर्ज सापडला. मुलास मुक्त करावे अशी विनंती, खाली त्यांची सही. तारीख त्याच रविवारची होती.