डोळ्यातील गारगोट्या



आजच्या विषयाचे नाव जर्मन आहे. खडकाच्या पोकळीत आतून स्फटिकांचा थर जमतो, त्याला जर्मन भाषेत ‘ड्रूझ’ म्हणतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात विहीर खणताना अशा पोकळ्या लागतात. त्यांतल्या गारगोट्या आपल्यापैकी काहींच्या कपाटात असतील. दृष्टिनाडीच्या मुखाशी असेच चुनखडी कण असतात, हे म्युलर या शास्त्रज्ञाने १८५८ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदविले. त्यांना ‘ड्रुसेन’ म्हणतात.

दृष्टिनाडीचे हे मुख अवघे दीड मिलिमीटर रुंद. एवढ्याशा वाटेने दहाबारा लक्ष तंतू जातात. शिवाय दृष्टिपटलाला रक्त पुरविणारी रोहिणी आणि ते परत नेणारी नीला यांचा रस्ताही तोच. गावाला वेस एकच असावी, तसा हा प्रकार! काहींची ही वेस जन्मतःच अरुंद असते. तेथे तंतूंमधला प्रवाह अडखळतो, काही तंतू झिजतात, आणि त्यांच्या अवशेषांवर चुना बसतो, असे मानले जाते.

लहानपणी हे कण खोल पुरलेले असतात. वरून नाडीचे मुख फुगलेले तेवढे दिसते. मेंदूत गाठ होऊन आतला दाब वाढला तरी ते असेच फुगते. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या मुलीच्या आईबापांची झोप एका वाक्याने उडते, ती यामुळे. सोनोग्राफीत कण लख्ख चमकला की जीव भांड्यात पडतो. मग आम्ही डॉक्टर मंडळी दुसरे टोक गाठतो आणि ‘काही नाही, निरुपद्रवी आहे’ असे सांगून मोकळे होतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत.

अरुंद वेशीत दगड साचले, तर कोंडी व्हायचीच. कधी नाडीच्या कडेला रक्ताची बारीक रेघ उमटते; ती बहुधा आपोआप जिरते. कधी नाडीमुखाचाच रक्तपुरवठा तुटतो आणि दृष्टीचा वरचा किंवा खालचा भाग एकाएकी झाकोळतो. हे एरवी उतारवयातले दुखणे येथे तरुणपणीही गाठते. नीला तुंबली तर सारे दृष्टिपटल रक्ताने माखते. कधी नाडीच्या भोवती नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाझरू लागतात. हे मुलांतही घडते. अशा वाहिन्या आवरणारी इंजेक्शने आज मिळतात. सर्वांत वाईट म्हणजे रोहिणी बंद पडणे. ते क्वचित घडते. पण घडले की दृष्टिपटल काही तासच तग धरते. आणि यात डोळा दुखत नाही! त्यामुळे माणूस ‘सकाळी पाहू’ म्हणून झोपतो, आणि सकाळी पाहायला तो डोळा उरलेला नसतो.

कण काढून टाकण्याचा उपाय अद्याप नाही. तो प्रयत्न नाडीलाच इजा करील. म्हणून अशा रुग्णाचा रक्तदाब आम्ही कसोशीने पाहतो, तंबाखू-विडी सोडायला लावतो, आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी वेळोवेळी करतो, कारण कडेची नजर हळूहळू जाते तेव्हा ज्याची जाते त्याला पत्ता नसतो. आणखी एक गोष्ट आम्ही करतो. नाडीमुखाचे छायाचित्र रुग्णाच्या हाती देतो व ते रेशनकार्डाशेजारी जपून ठेवायला सांगतो. उद्या परगावी कोणी डॉक्टर ते फुगलेले मुख पाहून मेंदूतली गाठ शोधायला निघाला, तर जुने चित्र त्याच्यापुढे ठेवता येते.