घोरणं आणि थकलेलं हृदय

घोरणारा माणूस गाढ झोपलाय असं घरच्यांना वाटतं. पण घशाचा मार्ग बंद आणि छाती मात्र हवा ओढतेय, अशी ओढाताण रात्रभर चालू असू शकते. प्राणवायू घटतो, रक्तदाब चढतो आणि आधीच कमजोर हृदयावर ताण येतो.

सीपॅप यंत्र मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवतं. टोरांटोच्या २००३ सालच्या, जेमतेम २४ रुग्णांच्या अभ्यासात महिनाभराच्या वापराने हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता सरासरी २५ वरून ३४ टक्क्यांवर गेली. मास्क सुरुवातीला नकोसा होतो, हे खरंच.

मात्र मेंदूकडूनच श्वासाचा इशारा थांबत असेल, तर तो प्रकार वेगळा. त्यावर एएसव्ही, म्हणजे श्वासानुसार हवेचा दाब बदलणारं यंत्र, वापरलेल्या कमजोर हृदयाच्या रुग्णांत मृत्यू वाढल्याचं २०१५ साली दिसलं. म्हणून यंत्र घेण्याआधी झोपेची तपासणी करून घ्या.