हजेरीत बिगारी, हातात आकडा

आम्ही इमारतीच्या कामावर लोखंड बांधणाऱ्या बायका. माइकसमोर बोलायची सवय नाही, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

स्लॅब भरण्याआधी सळयांची जाळी दिसते ना, ती बांधायचं आमचं काम. तारेचा वेढा घ्यायचा, आकडा फिरवून पीळ घट्ट करायचा, जाळीखाली कव्हर ब्लॉक सरकवायचे. दहा-बारा वर्षं हेच करतोय. पण हजेरीच्या वहीत आमच्या नावापुढे ‘बिगारी’. शेजारी तेच काम करणारा गडी मात्र ‘फिटर’! किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वेगवेगळे असतात, म्हणजे त्या एका शब्दावर रोज ठरतो. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, “तुमच्याकडं कागद कुठाय?” गड्याकडं तरी कुठं होता, पण ते असो.

मग आम्ही कागदाच्या मागे लागलो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीपासून काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. आरपीएल म्हणतात तिला. आपल्या कामाचं तिथलं नाव ‘बार बेंडर अँड स्टील फिक्सर’.

परीक्षेत हात झरझर चालले. अडलो ते ड्रॉइंगपाशी. ते कायम मुकादमाच्या खिशात; आम्हाला फक्त “इथं बांध, तिथं बांध”. परीक्षकांनी कागदावर बोट ठेवलं, ‘१२ एमएम, १५० सी-सी’. आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. बारा मिलिमीटरची सळई, एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत दीडशे मिलिमीटर, म्हणजे आपले सहा इंच. रोज बांधत होतो तेच! आमच्यातल्या दोघी नापास झाल्या.

तेव्हापासून संध्याकाळी भाकरी उरकल्या की आम्ही ड्रॉइंग घेऊन बसतो. आठवीतला एक पोरगा आमचा मास्तर. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं, १६२ ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत येतं. बारा एमएमची बारा मीटर सळई साडेदहा किलोंच्या थोडी वर भरते. रिंगेचं टोक काटकोनात सोडायचं नाही, १३५ अंशांत आत वळवायचं, हेही आत्ता कळलं. भूकंपात रिंग उघडली तर कॉलम तग धरत नाही. इतकी वर्षं सांगितलं तसं वाकवत होतो, हे आठवलं की पोटात गोळा येतो.

दुसऱ्या खेपेला त्या दोघीही पास झाल्या. रोज वाढला का? एका साइटवर वाढला. दुसरीकडं ठेकेदार “बघू” म्हणतो. तिथं आम्ही रोज हजेरी लिहिताना वहीशी उभ्या राहतो आणि ‘फिटर’ लिहा म्हणतो.

एक सांगायचं राहिलं. हे प्रमाणपत्र वेगळं आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी वेगळी. नोंदणीला वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला ठेकेदाराकडून आत्ताच मागून ठेवा, साइट संपली की तो सापडत नाही.